तार आधी, टेबल नंतर

२७ ऑगस्ट १९४२ रोजी गिरगाव चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून एक रेडिओ केंद्र पहिल्यांदा बोलले. आपण ४२.३४ मीटरवर आहोत आणि हिंदुस्थानात कुठेतरी आहोत, एवढेच ते स्वतःबद्दल सांगत असे. हे काँग्रेस रेडिओ. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आणि त्यांचे सहकारी ते चालवत होते. पुढे राम मनोहर लोहिया त्यांना येऊन मिळाले. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरमधले अत्याचार, जमशेदपूरचा संप, चितगाववरचे बाँबहल्ले या बातम्या सेन्सॉरला चुकवून लोकांपर्यंत पोचल्या त्या याच केंद्रावरून. १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मीच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यावर धाड पडली आणि केंद्र बंद झाले. उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत एवढे सापडते. प्रक्षेपक जोडणाऱ्याचे नाव मात्र फार कमी वाचकांच्या लक्षात राहते. नरिमन प्रिंटर हा युद्धापूर्वीचा परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे आजच्या भाषेत हॅम. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा सरकारने हौशी परवाने थांबवले आणि चालकांना आपापले प्रक्षेपक पोलिसांच्या हवाली करायला सांगितले. तीन वर्षांनी याच छंदातली विद्या काँग्रेस रेडिओच्या कामी आली. लागणारे सामान पुरवण्यात शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी होते. पुढे पोलिसांच्या हाती सापडल्यावर प्रिंटरनेच त्यांना केंद्राचा माग दिला, ही या कथेची दुःखद बाजू.

अकरा आठवड्यांत या केंद्राने जागा किती बदलल्या ते पाहण्यासारखे आहे. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मी. प्रत्येक ठिकाणी नव्याने पडणारे प्रश्न तेच: एरियलची तार कुठून बाहेर काढायची, वीज कुठून घ्यायची, शेजाऱ्यांना काय दिसेल आणि काय ऐकू जाईल. पोलिसांचे भय वगळले, तर गिरगाव, परळ, लालबाग, दादरमध्ये आज घरी हॅम रेडिओची खोली थाटणाऱ्यापुढे अगदी हेच प्रश्न असतात. आणखी एक धागा जुळतो. ४२.३४ मीटर तरंगलांबी म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. भारतात हौशी चालकांना आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा ‘चाळीस मीटर’चा पट्टा मिळालेला आहे. काँग्रेस रेडिओ जिथे बोलत होता त्याच जागी आज मुंबईतला परवानाधारक माणूस नागपूर-कोल्हापूरशी उघडपणे बोलतो.

हौशी रेडिओ म्हणजे प्रसारण नव्हे, हे आधी स्पष्ट केलेले बरे. गाणी लावता येत नाहीत, जाहिरात करता येत नाही, सांकेतिक गुप्त संदेश पाठवता येत नाहीत, धंद्याचे काम करता येत नाही. दोन माणसे मधल्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्याशिवाय, आपापल्या यंत्राच्या आणि तारेच्या बळावर बोलतात. हे संभाषण तासन्‌तास चालते, पहाटे चालते, अर्ध्या रात्री चालते. म्हणून ज्या खोलीत ते चालते ती सुखाची असावी लागते. हॅम मंडळी त्या जागेला ‘शॅक’ म्हणतात.

परदेशी पुस्तकांतल्या शॅकची छायाचित्रे पाहून मुंबईकराने खोलीचा आराखडा करू नये. तिथे मागे अंगण असते, अंगणात मनोरा असतो. इथे वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि तेवढ्यात अख्खे कुटुंब नांदले. अशा शहरात शॅकची सुरुवात टेबलाने करणारा हमखास फसतो. रेडिओ ठेवायला दीड हात फळी कुठेही मिळते. तारेला वाट मिळेलच असे नाही. आधी गच्चीवर जावे, अँटेनाची जागा ठरवावी, तिथून केबल कोणत्या खिडकीतून आत येईल ते पाहावे आणि त्या खिडकीजवळ टेबल मांडावे.

अँटेनाचे गणित सोपे आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची मीटरमधली लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते २० मीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला तेच १० मीटरवर येते आणि २८ मेगाहर्ट्झला ५ मीटरवर. गिरगावातल्या चार मजली इमारतीची गच्ची लांबीला २० मीटर सहसा पुरते. नाही पुरली तर मधला बिंदू बांबूवर उंच करून दोन्ही हात उताराने खाली आणता येतात, टोके थोडी वळवता येतात. तार याला फारशी हरकत घेत नाही. शिवाय अशा गच्चीला एक मोठा फायदा असतो, तो म्हणजे उंची. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दूरचे बोलायला अँटेना जमिनीपासून अर्धी तरंगलांबी, म्हणजे वीसेक मीटर वर असली तर चांगले. पाच मजली इमारतीने ती उंची मनोऱ्याशिवायच दिलेली असते.

दक्षिण आणि मध्य मुंबईतली खरी अडचण पत्र्याची आहे. पावसाळ्यातली गळती थांबवायला बऱ्याच जुन्या इमारतींच्या गच्चीवर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड घातलेली असते. तिच्याखाली टांगलेली अँटेना जवळजवळ बंद डब्यात ठेवल्यासारखी होते. तार शेडच्या वर, पत्र्यापासून जमेल तितकी उंच न्यावी लागते. पण याच पत्र्याचा उपयोगही आहे. उभ्या अँटेनाला खाली पसरलेली धातूची ‘जमीन’ हवी असते, आणि एकमेकांना नीट जोडलेले पत्रे ते काम उत्तम करतात. अडचणीचाच असा वापर करून घेणे हा या छंदातला मोठा आनंद आहे. खोताच्या वाडीत काही जुन्या घरांना कौले आणि लाकडी वासे आहेत. तिथे छपराच्या आतच तार ताणली तरी चालते, कारण कोरडी कौले आणि लाकूड रेडिओ तरंगांना फारसे अडवत नाहीत. सळयांचा सिमेंट स्लॅब अडवतो.

गच्चीच मिळत नसेल, तर बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलबाहेर लहान वर्तुळाकार अँटेना लावतात. हॅम तिला मॅग्नेटिक लूप म्हणतात. एक मीटर व्यासाच्या तांब्याच्या नळीचे कडे आणि बदलता कपॅसिटर एवढ्यावर १४ ते २८ मेगाहर्ट्झचे काम होते. ती फार अरुंद पट्ट्यात सूर धरते, त्यामुळे वारंवारता जरा हलवली की पुन्हा जुळवावी लागते. आणि शंभर वॅट सोडले तर तिच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट उभे राहतात. हाताच्या अंतरावर बसून ती चालवायची तर दहा वॅटच्या पुढे न गेलेले चांगले. डायपोलच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे, कारण त्याच्या टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असते. गच्चीवर पापड वाळतात, कपडे वाळतात, संक्रांतीला मुले पतंग उडवतात. टोके डोक्याच्या बरीच वर आणि हात न पोचणाऱ्या जागी बांधणे ही शेजारधर्माची पहिली अट आहे. चाळीच्या सामाईक गॅलरीच्या कठड्यावरून प्रक्षेपणाची तार नेऊच नये.

समुद्राजवळ राहण्याची किंमत धातू चुकवतो. चौपाटीपासून थोड्या अंतरावर खारा वारा साध्या स्क्रूला काही महिन्यांत गंज चढवतो आणि केबलचा उघडा जोड पाहता पाहता हिरवा पडतो. गच्चीवर स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप वापरावी. केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाते. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरले की बाहेरून ती कितीही चांगली दिसो, ती बदलावीच लागते.

केबल निवडताना मुंबईकर बरेचदा पैसे वाचवतो आणि ऊर्जा घालवतो. बारीक आरजी-५८ केबल सात मेगाहर्ट्झवर ३० मीटर लांबीला जेमतेम एक डेसिबेल खाते, त्यामुळे तिथे ती चालून जाते. पण १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मीटरच्या स्थानिक पट्ट्यावर, तीच ३० मीटर केबल सहा डेसिबेलच्या आसपास खाते. यंत्रातून पन्नास वॅट निघाले तर अँटेनाला बारा-तेरा पोचतात. उरलेले केबल तापवण्यात जातात. जाड आरजी-२१३ घेतली तर निम्मे तरी पोचतात. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पहिल्या मजल्यावरच्या खोलीत यायचे असेल, तर यंत्र एक पायरी स्वस्तातले घ्यावे आणि केबल एक पायरी महागातली.

आता आत येऊ. रेडिओच्या खोलीचे सुख शांततेत आहे आणि इथे शांतता म्हणजे कानाला ऐकू येणारी नव्हे. शॅकमधला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे विद्युत गोंगाट. स्वस्त एलईडी दिव्यांची आतली सर्किटे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीच्या डब्याचे ॲडॅप्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि टॉवरमधल्या लिफ्टच्या मोटारी फिरवणारी यंत्रणा हे सारे लघुलहरींवर खरखर ओतत असते. रेडिओवर सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर असतो. त्याचे एक घर म्हणजे सहा डेसिबेल. खोलीतला गोंगाट दोन घरांनी खाली आणला, तर जगातल्या प्रत्येक स्टेशनने आपली ताकद सोळापट केल्यासारखा फरक पडतो. कोणतेही महागडे यंत्र विकत घेऊन एवढा फायदा होत नाही.

गोंगाट शोधायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. रेडिओ बॅटरीवर चालवायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जायचे, एकेक प्लग काढत जायचे. खरखर तशीच राहिली तर चोर शेजारी, जिन्यात किंवा रस्त्यावर आहे. अशा वेळी हातातला छोटा मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन मजलेमजले फिरले की माग लागतो. उपाय बहुतेक वेळा साधा असतो. चार्जर बदलणे, दिवा बदलणे किंवा त्रास देणाऱ्या वायरीचे आठ-दहा वेढे फेराइटच्या कड्यावर देणे. लघुलहरींसाठी फेराइटचे ३१ क्रमांकाचे मिश्रण सर्वांत उपयोगी. शेजाऱ्याचा चार्जर सापडला तर त्याला नवा चार्जर घेऊन देणे हा पैसा वसूल करणारा खर्च आहे, आणि त्यातून मैत्रीही वाढते.

परळकरांना आणखी एका आवाजाशी जुळवून घ्यावे लागते. पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेमार्ग इथे हाकेच्या अंतरावर आहेत. लोकलच्या तारांत पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. आता २५ हजार व्होल्टचा एसी आहे. पावसाळ्यात ओल्या इन्सुलेटरवरून आणि पँटोग्राफच्या ठिणग्यांतून जो कडकडाट निघतो तो थांबवता येत नाही. मात्र डायपोलची टोके रुळांच्या दिशेने केली तर त्या बाजूचे ग्रहण काही प्रमाणात घटते, कारण डायपोल आपल्या टोकांच्या दिशेने सर्वांत कमी ऐकतो. गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबागच्या आसपास रोषणाई आणि जनित्रांमुळे गोंगाट वाढला, तर त्या दिवसांत आपलेही मन दर्शनाकडे असू द्यावे.

अर्थिंगचा विषय जुन्या इमारतींत गंभीर आहे. बऱ्याच चाळींच्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नुसती नावाला असते. शॅक मांडण्याआधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह पकडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. हे जिवाच्या सुरक्षिततेसाठी. रेडिओची ‘अर्थ’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि इथे पुष्कळ नवखे गोंधळतात. तिसऱ्या मजल्यावरून जमिनीत नेलेली अर्थची तार साधारण दहा मीटर भरते. दहा मीटर म्हणजे चाळीस मीटरच्या पट्ट्याची बरोब्बर पाव तरंगलांबी. पाव तरंगलांबीची तार खाली जमिनीला जोडली की वरच्या टोकाला ती जमीन उरतच नाही, उलट उंच अवरोध दाखवते आणि स्वतःच प्रक्षेपण करू लागते. मग मायक्रोफोन ओठाला चटका देतो, संगणकाचा माउस गोठतो, शेजारच्या स्पीकरमधून आपला आवाज येतो. उपाय म्हणजे लांब अर्थ ओढत बसण्यापेक्षा दोन्ही हात सारखे असलेली अँटेना, तिच्या मध्यावर दोन्ही हातांचा समतोल राखणारा बॅलन आणि केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह अडवणारा चोक.

विजेचे गणितही इथेच उरकू. शंभर वॅटचे यंत्र १३.८ व्होल्टवर चालते आणि बोलताना वीसेक अँपिअर ओढते. इतका प्रवाह दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीतून दोन मीटर नेला, तर जाण्यायेण्यात मिळून जवळजवळ एक व्होल्ट वाटेत हरवतो आणि यंत्र कुरकुरते. चार चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, लांबी कमी ठेवावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावावा. ओढलेल्या पावणेतीनशे वॅटपैकी शंभर आकाशात जातात. बाकीची खोलीतली उष्णता. पोटमाळ्यावर शॅक मांडणाऱ्याने हा आकडा विसरू नये. पोटमाळा एकांताला उत्तम, पण मेमधल्या दुपारी छपराखाली आधीच जीव नकोसा होतो. वारा खेळता ठेवायला छोटा पंखा हवा आणि तो मायक्रोफोनच्या मागच्या बाजूला हवा.

टेबलाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. टेबलाची खोली साठ सेंटिमीटर असली तरी भागते, पण मोर्सची की टेबलाच्या कडेपासून पुरेशी आत असावी म्हणजे कोपरापासूनचा हात टेबलावर टेकतो. हवेत लोंबणाऱ्या हाताने अर्ध्या तासात मनगट दुखायला लागते. यंत्राची मोठी चकती हात टेकवून फिरवता यावी. डोळ्यांच्या रेषेत पडदा असावा. टेबल आणि भिंत यांत वीतभर जागा सोडावी, नाहीतर प्रत्येक वायर बदलताना सगळे टेबल ओढावे लागते. एकाच खोलीच्या घरात दाराच्या कपाटातला शॅक फार सोयीचा पडतो. खालची फळी ओढली की टेबल, दार लावले की घर पुन्हा घरासारखे. सगळा शॅक एका झटक्यात बंद करणारा एकच मोठा स्विच असावा आणि तो घरातल्या प्रत्येकाला, आजीलाही, ठाऊक असावा. रात्री कान झाकणारा चांगला हेडफोन हवा. पलीकडे कुणाचा अभ्यास चालू असतो, कुणाची सकाळची पाळी असते.

भिंतीवर दोन घड्याळे लावतात. एक आपल्या वेळेचे, दुसरे जागतिक वेळेचे, साडेपाच तास मागे. लॉगबुकात जागतिक वेळच लिहायची असते, त्यामुळे मुंबईच्या हॅमची तारीख पहाटे साडेपाचला बदलते. शेजारी मुंबई मध्यबिंदू मानून काढलेला जगाचा नकाशा असावा. तो दिशा खऱ्या दाखवतो. शाळेच्या नकाशावरून अमेरिका पश्चिमेला वाटते, पण या नकाशावर तिच्याकडे जाणारी सरळ वाट बरीच उत्तरेकडून जाते. हौशी चालक एकमेकांना ठिकाण सांगताना पृथ्वीचे चौकोन वापरतात. गिरगाव आणि लालबाग एमके ६८ या चौकोनात येतात, दादर एमके ६९ मध्ये. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा मधून परळमधून जाते. स्पर्धेच्या दिवशी दोन चौकोन हवे असणाऱ्या मुंबईकराला बसने पाच-सात थांबे जावे लागते, एवढेच.

सामानासाठी दक्षिण मुंबईसारखी जागा देशात क्वचितच असेल. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचे माहेरघर आहे. कनेक्टर, रेझिस्टर, पॉवर सप्लाय, केबल मीटरवर कापून, सगळे मिळते. वायर आणि स्विचगिअर लोहार चाळीत, नटबोल्ट आणि हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर. एका दुपारी पायी फिरून अर्धा शॅक गोळा होतो.

स्वतः यंत्र जोडायचे असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा ट्रान्सिव्हर जरूर पाहावा. बाहेरून महागडे यंत्र आणणे भारतीय विद्यार्थ्याला परवडत नव्हते, म्हणून इथल्या दुकानांत मिळणाऱ्या भागांतूनच तो तयार होईल अशी त्याची रचना होती. आयात केलेल्या कड्यांऐवजी नळाचे प्लास्टिकचे वॉशर घेऊन त्यांवर कॉइल गुंडाळायची युक्ती त्यात होती. नंतर तो जगभर पोचला आणि त्याची पुढची रूपे परदेशी हॅमही आवडीने जोडू लागले. पहिले यंत्र स्वतः जोडणाऱ्याला पुढे प्रत्येक बिघाडाची भीती कमी वाटते, म्हणून नवख्याने निदान एक छोटे यंत्र तरी हाताने जोडावेच.

ज्यांची खिडकी पश्चिमेला उघडते त्यांच्यासाठी एक खास गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एसहेल-२ या उपग्रहावर हौशी चालकांसाठी खास ट्रान्सपाँडर आहे, भूस्थिर कक्षेतला जगातला पहिला. मुंबईहून तो पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३३ अंश वर दिसतो आणि दिवसरात्र तिथेच असतो. टीव्हीची जुनी तबकडी, तिच्या तोंडाशी संकेत पकडणारा एलएनबी आणि संगणकाला लावायचा छोटा रिसिव्हर यांवर त्याचे १०.४८९ गिगाहर्ट्झवरचे संकेत पडद्यावर उमटतात. गच्चीची परवानगी अडली तरी खिडकीत बसून युरोप आणि आफ्रिकेतली संभाषणे ऐकता येतात. आपल्याकडचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ५ मे २००५ रोजी इस्रोने हॅमसॅट हा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला आणि तो २०१४ पर्यंत चालला. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेला एक किलोपेक्षाही हलका ‘स्वयम्’ २०१६ च्या जूनमध्ये अवकाशात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पवईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ गेला.

गच्चीच्या परवानगीचे सांगायचे तर ती कायद्यापेक्षा माणसांच्या हाती असते. सोसायटीत गच्ची सामाईक, पागडीच्या इमारतीत ती मालकाची. सेक्रेटरीकडे अर्ज घेऊन जाण्याआधी त्यांना शॅकमध्ये बोलवावे, हेडफोन कानाला लावून द्यावा, नागपूरचा आवाज ऐकवावा. तार किती बारीक असते ते हातात देऊन दाखवावे. लोकांना भीती वाटते ती मोबाइल टॉवरची, आणि दोन मिलिमीटरच्या तारेकडे बोट दाखवून ती जाते. कुणाच्या टीव्हीवर पट्टे आले तर तक्रार येण्याआधी स्वतः जाऊन फेराइट लावून द्यावे. संकटातला उपयोगही सांगावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातले फोन कोलमडले. लातूरचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला तेव्हा हॅम चालक तिथे निरोप पोचवायला उभे राहिले. बॅटरीवर चालणारा शॅक असलेली इमारत अशा रात्री जगाशी बोलू शकते, हे सभासदांना सांगितले की नाहरकत पत्रावर सही करणे सोपे जाते.

सही मिळाली तरी ते आश्वासन पाळायचे तर बॅटरी भरलेली ठेवावी लागते आणि महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर तिच्यावर बोलून पाहावे लागते. मेअखेरीच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा जास्त. त्या काळात बोलणे संपताच अँटेनाची केबल यंत्रातून काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय लावून घ्यावी. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नसते.

प्रक्षेपणाआधी परवाना लागतोच. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा देते. बारा वर्षांची मुलेही परीक्षेला बसू शकतात. परीक्षेत रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स लागत नाही, ‘जनरल’ला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकता आणि पाठवता यावे लागते. पहिल्या श्रेणीची संकेतनावे व्हीयू ३ ने आणि दुसरीची व्हीयू २ ने सुरू होतात. परवान्यावर शॅकचा पत्ता असतो आणि इथे चाळकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. इमारत पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब तीन वर्षांसाठी संक्रमण शिबिरात किंवा उपनगरातल्या भाड्याच्या घरात गेले, तर त्या नव्या पत्त्याची नोंद डब्ल्यूपीसीकडे करावी लागते. टॉवरमध्ये परत आल्यावर पुन्हा. तो टॉवर उभा राहत असतानाच विकासकाकडे एक मागणी करून ठेवावी: गच्चीपासून आपल्या मजल्यापर्यंत दोन इंचांचा एक रिकामा पाइप. भिंती उभ्या राहिल्यावर तो कुणी घालून देत नाही.